ग्राहीची कल्पना आणि विषण्णतेवरील औषधे

औषधशास्त्राच्या इतिहासात काही संज्ञा अशा आढळतात की, त्यांनी निर्दिष्ट केलेली वस्तू हाती लागण्यापूर्वी अनेक दशके त्या रूढ झालेल्या होत्या. ‘ग्राही’, म्हणजेच इंग्रजीतील ‘रिसेप्टर’, ही त्यांपैकी एक होय. १९०५ साली केंब्रिज येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी निकोटिन व क्युरारे यांचे स्नायूंवरील परस्परविरोधी परिणाम अभ्यासून, पेशीत एखादे ग्रहणशील द्रव्य असले पाहिजे, असा तर्क मांडला. त्याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख यांनी रोगप्रतिकाराच्या विवेचनात ‘रिसेप्टर’ हा शब्द योजिला. हे द्रव्य कोणी पाहिलेले नव्हते. औषधाच्या परिणामावरून त्याचे अनुमान केलेले होते. हीच अनुमानपद्धती पुढे विषण्णतेच्या विकारास लावण्यात आली, आणि तेथे तिच्या मर्यादाही उघड झाल्या.

विषण्णतेवरील पहिली औषधे कोणत्याही ग्राहीचा शोध घेताना सापडलेली नाहीत. इप्रोनायाझिड हे क्षयावरील औषध होते. ते घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागल्याचे १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील रुग्णालयात आढळले. इमिप्रामिन हे द्रव्य प्रथम छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. विषण्णतेवरील त्याचा गुण स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला.

या औषधांच्या उपपत्तीत भारतीय वनस्पतीचाही अंश आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकातून मांडला. १९५२ साली बाझेल येथे तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन घटविते, असे १९५५ मध्ये दिसून आले. शिवाय ते घेणाऱ्या काही रुग्णांना विषण्णतेने ग्रासल्याची वृत्ते येऊ लागली. या दोहोंवरून मज्जापेशींमधील संदेशवाहक द्रव्यांची उणीव हेच विषण्णतेचे कारण असावे, ही कल्पना बळावली. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनलिनच्या संदर्भात तिला व्यवस्थित रूप दिले. तथापि १९५५ मध्येच लंडनमधील एका नियंत्रित चाचणीत चिंताग्रस्त व विषण्ण रुग्णांना रिसर्पिनने आराम पडल्याचे आढळले होते. या प्रतिकूल पुराव्याकडे पुढे फारसे कोणी वळले नाही.

१९७३ साली किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्याने मेंदूतील अफूच्या ग्राहींचे मापन झाले आणि लँग्लींचे अनुमान मेंदूच्या बाबतीतही प्रयोगशाळेत पडताळता येऊ लागले. मात्र १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन ग्राहीवर नव्हे, तर सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनावर कार्य करते. ते प्रथिन लवकरच अडविले जाते. गुण मात्र कित्येक आठवड्यांनी येतो. उणीव हेच कारण असते, तर एवढा विलंब का लागावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या उपपत्तीत नव्हते.

२००० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी सात रुग्णांवरील लहानशा चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामिन अल्प मात्रेत शिरेतून दिल्यावर विषण्णता तासांच्या हिशेबात ओसरू लागली. केटामिन ग्लुटामेटच्या एन.एम.डी.ए. नामक ग्राहीस अडविते. त्याचेच एक रूप असलेल्या एस्केटामिनला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसूतीनंतरच्या विषण्णतेसाठी गाबा ग्राहीवर कार्य करणारे ब्रेक्सानोलोनही मान्य झाले. पुढे २०२१ मध्ये हेलसिंकी येथील संशोधकांनी जुनी व नवी अशी दोन्ही औषधे ‘ट्रक-बी’ या मज्जापेशींच्या वाढीशी संबंधित ग्राहीस थेट चिकटतात, असे प्रतिपादन केले. त्यावर वाद आहे.

विषण्णतेत सेरोटोनिन उणे असते, यास सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ साली एका व्यापक समीक्षेत काढण्यात आला. त्यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. २०१८ साली ५२२ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात एकवीसही औषधे निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरली होती, जरी हा फरक बेताचाच होता. औषधाचा गुण आणि रोगाचे कारण ह्या दोन भिन्न गोष्टी होत. तापावर गोळी लागू पडते, म्हणून तिची उणीव हे तापाचे कारण कोणी मानीत नाही. ‘तुमच्या मेंदूत अमुक द्रव्य कमी आहे’ असे रुग्णास सांगितले जाते तेव्हा मात्र हा भेद पुसला जातो, आणि तो रुग्ण आपल्या दुःखाचा अर्थ त्याच वाक्यावरून लावू लागतो. नव्या ग्राहींविषयी बोलतानाही हाच संयम आवश्यक आहे.