निळी रेघ आणि नकाशाच्या कोपऱ्यातलं साल

मंडळी, आपल्या दीपनगर-फेकरीच्या टप्प्यावर बाहेरच्या पासिंगची गाडी थांबते आणि ड्रायव्हर काच खाली करून विचारतो, "भैया, कुर्हा किधर है?" आपला माणूस लगेच हात दाखवत नाही. तो आधी विचारतो, "कोणतं कुऱ्हं भो? पानाचं का काकोड्याचं?"

कुऱ्हे पानाचे भुसावळ तालुक्यात. म्हणजे इथून मागं फिरून भुसावळच्या दक्षिणेला. कुऱ्हा काकोडा मुक्ताईनगर तालुक्यात. म्हणजे वरणगाव, मुक्ताईनगर ओलांडून अजून पुढं. दोन्ही दिशा उलट्या. फोनवर रोमन अक्षरांत ही नावं जवळपास सारखीच दिसतात. घाईत वरचं नाव दाबलं की निळी रेघ उमटते आणि गाडी निघते.

हल्ली काच खाली करणारेच कमी झालेत. त्यावर "कागदी नकाशाच बरा होता" असं म्हणणारे बरेच भेटतात. पण खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी कधी कागदी नकाशा मांडीवर घेऊन गाडी चालवली? म्हणून जरा मागं जाऊन बघू, खान्देशात रस्ता शोधायची रीत कशी बदलत गेली.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरकडे गेला तो आपल्याच भागातून. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावं त्याच्या प्रवासवर्णनात आहेत. वाट कशी दिली आहे? गावामागून गाव आणि मधलं अंतर कोसांत. बस. मुक्कामाला पोचायचं आणि पुढची वाट तिथल्या माणसाला विचारायची. यादी अर्धी पुस्तकात, अर्धी लोकांच्या तोंडात.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि मोजणीची साखळी आली. सर्व्हे ऑफ इंडिया हे खातं त्याच्या आधीचं, १७६७ सालचं. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासहून देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि मोजत मोजत वर येताना १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला तो वारला. हे नकाशे तुमच्या-माझ्यासाठी नव्हते. फौज कुठून न्यायची आणि सारा कुठून गोळा करायचा, हे सरकारला कळावं म्हणून होते. पण काम पक्कं होतं, हे मान्य करावंच लागेल.

आपल्या भागाचा टोपोशीट घ्या. भुसावळ, दीपनगर, वरणगाव हा पट्टा ४६ ओ/१६ क्रमांकाच्या शीटवर येतो. मुक्ताईनगरला जायचं तर ५५ सी/४ ही दुसरी शीट लागते, कारण मधून ७६ अंश रेखांश जातो. प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. आता खुणा बघा. डांबरी-खडीचा रस्ता वेगळा, कच्चा वेगळा, गाडवाट वेगळी, पायवाट वेगळी. नदी ओलांडायच्या खुणाही वेगवेगळ्या: पूल असेल तर एक, फरशी असेल तर दुसरी, नुसता उतार असेल तर तिसरी. खुणा ओळखणाऱ्याला घरी बसून कळायचं की आषाढात या वाटेनं जायचं की नाही.

आणि शीटच्या समासात छापलेलं असायचं मोजणीचं साल. मला त्या नकाशातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. साल जुनं दिसलं की वाचणारा आपोआप म्हणायचा, मधल्या काळात काहीतरी बदललं असेल, गावात विचारून घेऊ. आपली माहिती किती शिळी आहे, हे तो कागद स्वतःच सांगायचा.

पण हा नकाशा सामान्य माणसाच्या हाती सहज येतच नव्हता. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीच्या शीटवर तर बंदीच. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं दोन मालिका केल्या, एक लष्करासाठी आणि एक जनतेसाठी. जनतेच्या नकाशात संवेदनशील ठिकाणं दाखवायची नाहीत असा नियम. त्याच २००५ साली गुगलचे नकाशे जगभर सुरू झाले. म्हणजे नियम कागदावर राहिला, आणि आपल्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या जगात कुणालाही पडद्यावर दिसू लागल्या. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियानं जनतेच्या शीट इंटरनेटवर फुकट दिल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांवरची बरीच बंधनं उठवली. तोपर्यंत कागद विचारतो कोण?

मग ड्रायव्हर मंडळी गाडी कशावर चालवत होती? मैलाच्या दगडांवर. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग. ढाब्यावर, पंपावर, टायरवाल्याकडे विचारून. सावदा-रावेरहून केळी भरून दिल्लीकडे निघणारा ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर यांच्या डोक्यात सगळा रस्ता असायचा. कुठं चढ, कुठं नाका, कुठं पाणी भरतं, सगळं. म्हणजे "कागद विरुद्ध फोन" ही लढाई आपल्याकडे झालीच नाही. आपल्याकडे फोननं जागा घेतली ती विचारण्याची.

फोनमागचं तंत्र अमेरिकन लष्कराचं. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये उडाला. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली आणि गाडीतलं नेव्हिगेशन खऱ्या अर्थानं कामाचं झालं. इस्रोची स्वतःची सात उपग्रहांची पहिली मालिका एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाली, तिचं नाव नाविक.

फायदा नाकारण्यात अर्थ नाही. रात्री दोन वाजता पेशंट घेऊन अनोळखी शहरात शिरलेल्या माणसाला विचारा. आपल्या धुळ्यातून जाणारे महामार्ग बघा. ३, ६ आणि २११ हे जुने नंबर २०१० मध्ये बदलून ५२, ५३ आणि ६० झाले. आपण अजून "सहा नंबर"च म्हणतो. जुना छापील नकाशा आणि नवी पाटी जुळत नाही, फोनला मात्र अडचण येत नाही. पुढं चक्का जाम असेल तर तेही तो सांगतो.

मग बिघडतं कुठं? निळ्या रेघेला पूल, फरशी आणि उतार यातला फरक दिसत नाही. सगळीकडे रंग एकच. आणि रेघेच्या कोपऱ्यात साल नाही. हा रस्ता शेवटचा कुणी, कधी पाहिला, हे ती सांगत नाही. म्हणून शंका येत नाही आणि शंका नाही म्हणून काच खाली होत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याकडच्या तिघांची गाडी रात्री कोतूळ-अकोले रस्त्यावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघं पोहून बाहेर आले, एक बुडाला. फोनवरचा रस्ता धरून ते आले होते. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की तो पूल पाण्याखाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पुरानं तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडली, तिघं गेले. तिथं गुन्हा नोंदला गेला तो बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर आणि नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही. तुटलेल्या पुलावर कुणी आडवा दगड टाकला नव्हता, हे विसरू नका.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे चाळीसगावचा कन्नड घाट, जुन्या लोकांचा औट्रम घाट. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसात दरडी कोसळून तो बंद पडला. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं तिथं जड वाहनांना बंदी आली. पण फोन रस्ता काढतो तो कारचा. सोळा टायरवाला तीच रेघ धरून पायथ्यापर्यंत येतो आणि मग पोलिसांशी वाद घालतो.

आता पाऊस येतोय. भुसावळ, बोदवड, यावल, मुक्ताईनगर, कुठल्याही तालुक्यात जा, नाल्यांवर फरशी पूल आहेतच. चार तास पाऊस झाला की फरशीवर पाणी. गावकरी थांबतो. बाहेरचा थांबत नाही, कारण त्याला पाण्याखाली रस्ताच दिसतो, फोनवर.

म्हणून मागणी साधी आहे. बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेनं प्रत्येक तालुक्यातल्या पाण्याखाली जाणाऱ्या फरश्यांची यादी जाहीर करावी. गाव, नाला, आणि पाणी आलं की आडवं बॅरिकेड लावायची जबाबदारी कुणाची, त्याचं पदनाम. नुसती पाटी नको. रात्री पाटी दिसत नाही, दोन्ही बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या लावलेला अडथळा हवा. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे आणि त्यावर तारीख पाहिजे. फोनला साल नसेल, आपल्या यादीला तरी असू द्या.

आणि आपण? नकाशाच्या ॲपवर रस्ता बंद असल्याची खबर कुणालाही देता येते. आपल्या गावची फरशी बुडाली की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकायच्या आधी दोन मिनिटं तिथं ती नोंद करा. ती आपोआप लगेच दिसेलच असं नाही, म्हणून अडथळा तर लागतोच, पण नोंद झाली पाहिजे.

तुमच्या शिवारातली कुठली फरशी दर पावसाळ्यात बुडते, ते गाव आणि नाल्याच्या नावासकट खाली लिहा. जमलेली यादी तहसील कार्यालयात नेऊन देतो, आणि पोच मिळाली की इथंच टाकतो.

#दीपनगर #भुसावळ #खान्देश #फरशीपूल