एक पाठ, अनेक अध्यापक

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत वास्तू, देणग्या व विविध उपक्रम यांचा आढावा येईलच. परंतु कोणत्याही धार्मिक संस्थेची खरी ठेव तिच्या पाठशाळेत असते. पाठशाळा चालविणाऱ्या आपल्या अध्यापक बंधु-भगिनींपुढे आज एक प्रश्न उभा आहे. सर्वांनी मिळून ठरविलेला समान अभ्यासक्रम प्रत्येकाने पाळावा, की आपापल्या आवडीप्रमाणे शिकवावे? हा प्रश्न आजचा नाही. आपल्या पूर्वाचार्यांपुढेही तो उभा राहिला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

भगवान महावीरांची वाणी कित्येक शतके केवळ मुखपरंपरेने चालत आली. दीर्घ दुष्काळ पडले, श्रमणसंघ विखुरले, अनेक श्रुतधर कालवश झाले व पाठ विस्मरणात जाऊ लागले. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर सुमारे ८२७ ते ८४० या काळात मथुरेत आर्य स्कंदिल यांच्या आणि वल्लभीस आचार्य नागार्जुन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र वाचना झाल्या. दोन्ही ठिकाणी निष्ठेने पाठ निश्चित केले गेले, तरी त्यांत काही भेद राहिले. हे दोन आचार्य पुढे परस्परांस भेटू शकले नाहीत व ते भेद तसेच राहिले, असे परंपरा सांगते. विद्वत्तेत वा श्रद्धेत कोणीही उणे नव्हते. उणीव होती ती एकत्र बसण्याची.

सुमारे दीड शतकानंतर वल्लभी येथेच देवर्द्धिगणी क्षमाश्रमण यांनी संघाला एकत्र बसवून आगम ग्रंथारूढ केले. मुख्य पाठ एक ठरला, परंतु दुसऱ्या वाचनेतील महत्त्वाचे पाठभेद टाकून दिले गेले नाहीत. पुढील टीकाकारांनीही नागार्जुनीय पाठ ठिकठिकाणी नोंदविले. कल्पसूत्रात वीरनिर्वाणानंतरच्या ज्या वर्षाचा उल्लेख येतो, ते ९८० असे देऊन अन्य वाचनेप्रमाणे ९९३ आहे, हेही तेथेच सांगितले आहे. एक पाठ सर्वांनी चालवावा आणि मतभेद प्रामाणिकपणे नोंदवून ठेवावा, हा अनेकांतवादाचा प्रत्यक्ष आचार होय. दिगंबर परंपरा या आगमसंकलनास प्रमाण मानीत नाही. तथापि तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दोन्ही परंपरांत पूज्य आहेत. सूत्रसंख्येत व काही सूत्रांच्या पाठात भेद असूनही ग्रंथ दोघांचाच राहिला.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण अधिक जवळचे आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी येथे १९३६ साली आनंदऋषिजी महाराजांच्या प्रेरणेने तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. तिलोकऋषिजी व रत्नऋषिजी या पूर्वसूरींची नावे त्यात गुंफलेली आहेत. एखाद्या आडगावच्या पाठशाळेतील मुलाने आणि मोठ्या शहरातील मुलीने एकच पाठ्यक्रम अभ्यासावा व एकाच प्रश्नपत्रिकेस सामोरे जावे, ही त्यामागील दृष्टी फार मोलाची होती. दिगंबर समाजात शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या नावाने चाललेल्या परीक्षालयानेही असेच कार्य केले.

पुढे भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणमहोत्सवाच्या वेळी विनोबाजींच्या प्रेरणेने क्षुल्लक जिनेंद्र वर्णीजींनी सर्व संप्रदायांना मान्य होईल असे संकलन केले. १९७४ च्या नोव्हेंबरअखेरीस दिल्लीत भरलेल्या संगीतीत निरनिराळ्या संप्रदायांचे मुनी व विद्वान यांनी त्यावर विचारविनिमय केला आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. जे चार संप्रदायांना साधले, ते एकाच ट्रस्टच्या चार वर्गांना का साधू नये?

प्रस्तुत लेखक कापडाचा व्यापारी आहे. म्हणून व्यवहारातील एक दाखला देतो. पूर्वी कापडाचा गज सर्वत्र सारखा नव्हता. पेठ बदलली की माप बदले. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे येऊ लागली व पुढे वार जाऊन मीटर आला. त्यामुळे कापडाचे पोत, रंग वा वीण एकसारखी झाली नाही. एवढेच झाले की गिऱ्हाईक कोणत्याही दुकानी गेले तरी मीटर तोच मिळू लागला. अभ्यासक्रम हे असेच माप आहे. शिकविण्याची हातोटी ज्याची त्याची.

हे माप नसले की हानी मुलांची होते. एका वर्गात तीन वर्षे कथाच चालतात, दुसऱ्यात केवळ पाठांतर. वडिलांच्या व्यवसायामुळे मुलाने गाव बदलले की तो पुन्हा पहिल्या पाठापासून आरंभ करतो, किंवा संकोचाने पाठशाळाच सोडतो. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात शेजारी बसलेली भावंडे पाहावीत; एकाला पाठ येतो, दुसरा मुकाट्याने ओठ हलवितो. हा दोष त्या बालकाचा नव्हे.

म्हणून अध्यापक बंधु-भगिनींना नम्र विनंती आहे. सामायिक, प्रतिक्रमण, पच्चीस बोल, चोवीस तीर्थंकर व तत्त्वपरिचय यांचा वर्षवार क्रम सर्वांनी एकच ठेवावा. कथा, गीत, चित्र यांची योजना प्रत्येकाने आपल्या प्रतिभेने करावी. कोणी ‘नमो’ म्हणतो, कोणी ‘णमो’. अशा ठिकाणी वर्गात वाद न घालता भेद वहीत नोंदवावा आणि वार्षिक बैठकीत मांडावा. एखादा पाठ कठीण वाटल्यास तो परस्पर गाळू नये. सर्वांच्या संमतीने त्याचे स्थान बदलावे.

देवर्द्धिगणींनी ज्ञान राखले ते स्वतःचे मत मिरविण्यासाठी नव्हे, तर पुढच्या पिढीच्या हाती अखंड पाठ जावा म्हणून. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणही तेवढेच व्रत घ्यावे. ट्रस्टची शताब्दी साजरी करणारी मंडळी आज आपल्या वर्गात पहिल्या ओळीत बसली आहेत.

जय जिनेंद्र!