सुरतेची वाट आणि पडद्यावरचा मुसाफिर

फैजपूरवरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आज केळीच्या ट्रकांचा रस्ता म्हणून ओळखला जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही गावे त्याच्यावर ओळीने येतात. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापी, आणि मधून ही वाट. ती डांबराच्या कितीतरी आधीची आहे. मोगल काळात आग्र्याहून सुरतेला जाण्याच्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक अहमदाबादवरून जाई, दुसरी बऱ्हाणपूरवरून खानदेश ओलांडून. विल्यम फिंच हा इंग्रज १६१० मध्ये या दुसऱ्या वाटेने गेला, तेव्हा त्याला थाळनेर, चोपडा, रावेर ही ठाणी लागली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याच्या प्रवासवर्णनातही नंदुरबार, थाळनेर, चोपडा येतात. थाळनेर ही फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी. त्यांच्या कबरी आजही तिथे उभ्या आहेत.

या वाटेने नीळ, कापड, फौजा गेल्या, तसे हाजीही गेले. हिंदुस्थानातले यात्रेकरू सुरतेच्या बंदरात जहाजावर चढत, म्हणून सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, असे नाव होते. घरून निघताना माणूस देणी फेडून, माफी मागून निघे, कारण परतीची खात्री नसे. पण तो एकटा नसे. काफिला असे, सराई असे, मशिदीचा ओटा असे. इस्लामने मुसाफिराला वेगळा हक्कच दिला आहे. त्याची नमाज कमी होते, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो, आणि जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांसाठी आहे त्यांत मुसाफिरही आहे. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेवर अडला की समाज त्याचे देणे लागतो. प्रवासातल्या एकटेपणाची ही इतकी बारीक दखल आपण पुरेशी लक्षात घेत नाही.

सिनेमात ‘रोड मूव्ही’ नावाचा एक प्रकार आहे. एखादा माणूस मोटार किंवा मोटारसायकल घेऊन निघतो, आणि प्रवास हीच गोष्ट होते. या प्रकाराला खरी ओळख मिळाली ती अमेरिकेत, १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने. त्यातले दोन तरुण स्वातंत्र्य शोधत मोटारसायकलींवर निघतात. गावोगावच्या लोकांना त्यांचे लांब केसही सहन होत नाहीत आणि शेवटी रस्त्यावरच त्यांना गोळ्या घातल्या जातात. मोटारीने माणसाला काफिल्यातून सोडवले, वेग दिला, पण काचेआड एकटेही बसवले. सराईवर रात्री चार माणसांच्या पंगतीत बसावेच लागे. पेट्रोल पंपावर कोणाशी बोलण्याची गरज नसते. पाश्चात्त्य रोड मूव्हीतला एकाकीपणा इथून आलेला आहे.

सिनेमा स्वतःही आधी मुसाफिरच होता. सुरतेच्याच बोहरा समाजातले अब्दुलअली युसुफअली (१८८४–१९५७) यांनी १९०१ पासून काही वर्षे प्रोजेक्टर आणि तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा, जावा असा मुलूख पालथा घातला. मग १९०८ ते १९१४ या काळात ते हिंदुस्थानभर फिरले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद होता आणि हजारभर माणसे त्यात मावत. १९१४ मध्ये ते मुंबईत स्थिरावले आणि अर्देशीर इराणींबरोबर थिएटरच्या धंद्यात उतरले. या भागीदारांच्याच मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला. बोलपटाच्या इतिहासात या फिरत्या माणसाचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते.

तंबूचा सिनेमा पुढेही खेड्यांच्या यात्रांतून फिरत राहिला. शहरातली गोष्ट गावाच्या दारात यावी, हा त्याचा अर्थ. राजकारणातही तेच झाले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले. नेहरू अध्यक्ष होते आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली. त्या वेळी पुढारी आणि चित्रकार गावाकडे चालत आले. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजचा शेवटचा काळ ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात पाहायला मिळतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी तो केला. गंजलेला ट्रक, जुनी यंत्रे, आणि ती दुरुस्त करणारा एक कारागीर त्यात दिसतो. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या १९७६ च्या प्रसिद्ध रोड मूव्हीचा नायकही सीमेवरच्या छोट्या गावांतले प्रोजेक्टर दुरुस्त करत फिरणारा माणूस आहे. दोघांचा एकाकीपणा एकाच गोष्टीतून येतो. ज्या कामासाठी ते वाट तुडवतात, ते कामच संपत चालले आहे.

आपल्याकडची भटकंती बहुधा पोटासाठीची. ‘तीसरी कसम’ (१९६६) मधला गाडीवान हिरामन नौटंकीतल्या हिराबाईला जत्रेपर्यंत पोचवतो. वाटेवर जुळलेले नाते जत्रेत टिकत नाही. मुजफ्फर अली यांच्या ‘गमन’ (१९७८) मधला गुलाम हसन आई आणि बायकोला गावी सोडून मुंबईत टॅक्सी चालवतो. दिवसभर तो इतरांना त्यांच्या मुक्कामाला नेतो, पण स्वतःच्या घरी जाण्याइतके पैसे साठत नाहीत. शेवटी तो स्टेशनपर्यंत येतो आणि गाडी निघून जाते. मागे राहिलेल्या बायकोचा एकाकीपणाही या चित्रपटाने मोजला, हे महत्त्वाचे. रोड मूव्हीत बाई बहुतेक वेळा दारात उभी असते.

मुस्लिम जगातल्या दोन चित्रपटांनी या प्रकाराला वेगळे वळण दिले. अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’ (१९९७) मध्ये बदी नावाचा माणूस तेहरानच्या टेकड्यांवर मोटार फिरवत असतो. त्याला मरायचे आहे, आणि नंतर वर माती टाकणारा माणूस हवा आहे. एक कुर्द शिपाई, एक अफगाण मदरसा-विद्यार्थी आणि एक म्हातारा तुर्क असे तिघे त्याच्या शेजारी बसतात. म्हणजे मरायला निघालेल्यालाही दुसरा माणूस लागतोच. इस्माईल फेरूखी यांच्या ‘ल ग्रँ व्होयाज’ (२००४) मध्ये फ्रान्समधला मोरोक्कन बाप विमान नाकारतो आणि मुलाला मोटारीने मक्केला न्यायला लावतो. बाप अरबीत बोलतो, मुलगा फ्रेंचमध्ये उत्तर देतो. हजारो मैल एका गाडीत राहूनही दोघे एकटेच असतात. बापाने वाटेत एका बाईला पैसे दिले म्हणून मुलगा भांडतो. मक्केत बापाचा मृत्यू होतो. परतताना मुलगा स्वतः एका भिकारणीला दान देतो. मुसाफिराचा हक्क त्याला तेव्हा कळलेला असतो.

खानदेशच्या रस्त्यावरून आजही रात्री केळीचे ट्रक उत्तरेकडे निघतात. माल पिकण्याआधी दिल्ली गाठायची असते, म्हणून ड्रायव्हरला झोप मोजून घ्यावी लागते. वाटेत तो ढाब्यावर उतरतो. पूर्वी अनोळखी मुसाफिराला आधी जेवण विचारले जाई. आता अनेकदा आधी नाव विचारले जाते, आणि नाव ऐकून पुढचे बोलणे ठरते. ‘ईझी रायडर’मधल्या गावांनी केस पाहून माणूस ठरवला होता. आपल्या वाटेवर सराईची, ओट्याची, मुसाफिराच्या हक्काची परंपरा आहे, आणि ती पाळण्याची जबाबदारी जशी इतरांची तशी आपलीही आहे. या रस्त्यावरच्या ड्रायव्हरची गोष्ट मराठी पडद्यावर यायची आहे. ती लिहिणारा आपल्यातून पुढे यावा.