नाकाडी मर्सिडीजचे दिवस

लांब नाकाच्या बॉनेटवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा मिरवणारा टाटाचा ट्रक एकेकाळी महाराष्ट्राच्या घाटांत सर्रास दिसे.

१९४५ साली रेल्वे इंजिनांसाठी स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. मूळ एल-३१२ मॉडेलचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन सुमारे ४.६ लिटरचे होते. १९६९ मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला.

घाट चढताना रेडिएटर उकळला, की गाडी कडेला घ्यायची. मग क्लीनर उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सारायचा आणि डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघायचा.

आज असा जुना ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करताना इंजिनापेक्षा केबिनच जास्त छळते. कारखान्यातून बहुतेकदा इंजिन, बॉनेट आणि चासीच येई. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार लाकूड-पत्र्यातून घडवत. त्यामुळे दोन केबिनी तंतोतंत सारख्या नसत आणि त्यांचा कारखान्याचा नकाशाही नसतो. गंजलेला पत्रा अलगद सोडवायचा, कुजलेल्या चौकटीची मापे घ्यायची आणि जुन्या सांध्यांबरहुकूम नवे लाकूड बसवायचे. हे काम जाणणारे बॉडीबिल्डर आज मोजकेच उरलेत. त्यांच्या हातातली मापे आताच नोंदवून ठेवायला हवीत.