बालाघाटाचे माळ: धाराशिव जिल्ह्यातील परिसंस्था सावरण्याचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग जाते. तिच्या एका अंगाचे पाणी मांजरा-तेरणेतून गोदावरीला मिळते, दुसऱ्या अंगाचे सीना-बोरीतून भीमेला. खाली काळी कसदार जमीन आणि वर काळ्या दगडावर बसलेला मुरमाड माळ, अशी या भूमीची ठेवण आहे. पाऊस मोजका, त्यातही लहरी. अशा प्रदेशात बिघडलेली परिसंस्था पुन्हा उभी राहायची, तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: परत जायचे ते कोणत्या स्थितीकडे? शास्त्रात या स्थितीला संदर्भ परिसंस्था म्हणतात. ती चुकली की पुढची मेहनत चुकीच्या दिशेने जाते.

बालाघाटाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा चुकली. येथला मूळ साज घनदाट अरण्याचा नाही. ओढ्याकाठी आणि घळींमध्ये पानगळीचे रान, उतारांवर विरळ झुडपे आणि सपाटीवर शेडा, पवना, मारवेल, कुसळी अशा गवतांची कुरणे, असा तो मिश्र पट आहे. काळवीट, लांडगा आणि माळढोक हे त्या उघड्या गवताचे रहिवासी. महसुली दप्तरात मात्र जिथे पीक नाही आणि झाडही नाही ती जमीन पडीक ठरली. जिवंत कुरण कागदावर ओसाड झाले, आणि ते सुधारण्यासाठी झाडे लावणे हाच उपाय मानला गेला.

पाणी अडवण्याची परंपरा मात्र जुनी आणि भक्कम आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीतला, १६१३ च्या सुमाराचा. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात गेला. शेजारचे सोलापूर मुंबई इलाख्यात होते. तेथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन झाले आणि १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर बांधबंदिस्तीला वेग आला. सरहद्दीअलीकडच्या गावांना तो कायदा लागू नव्हता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यानंतरच दोन्हीकडचा कारभार एका धोरणाखाली आला.

१९७२ च्या दुष्काळाने कामाचे प्रमाण बदलले. रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी पाझर तलाव खोदले, नाले बांधले, शेतांना बांध घातले. याच योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. दुष्काळात माणसे जगवणारी ही योजना राज्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. तरीही तिची मोजदाद खोदलेल्या मातीची आणि दिलेल्या मजुरीची होती. माळावर काय उगवले याची नव्हती. १९८३ पासून सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रमाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करण्याचा योग्य क्रम घालून दिला. माथ्यावर पाणी मुरले, तरच खालचा तलाव गाळाने भरत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटला: यंत्रांनी नाल्यांचे खोलीकरण झटपट झाले, वरचा उतार उघडाच राहिला.

उघडा उतार सावरण्याचे दोन मार्ग आहेत आणि कोणता घ्यायचा हे जमिनीत काय शिल्लक आहे यावर ठरते. मातीत बी असेल, पळस-बोरीची मुळे जिवंत असतील, तर चराई आणि कुऱ्हाड थांबवली की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत गवत परत येऊ लागते आणि जुन्या खुंटांना धुमारे फुटतात. याला साहाय्यित नैसर्गिक पुनरुत्पत्ती म्हणतात. खर्च थोडा, धीर मोठा. मातीच वाहून गेली असेल आणि खडक उघडा पडला असेल, तर परिसंस्थेने एक उंबरठा ओलांडलेला असतो. तेथे नुसते कुंपण पुरत नाही. समतल चर, दगडी बांध आणि बियांची पेरणी करून आधी माती धरावी लागते. पहिला मार्ग पुरेसा असताना खड्डे खोदून गिरिपुष्प किंवा नीलगिरी लावणे म्हणजे आपोआप येणारे गवत उखडून परके झाड पोसणे होय. वेडी बाभूळही मोकळ्या माळात आणि ओढ्यांत अशीच पसरते आणि तिच्या सावलीत गवत टिकत नाही.

रान राखले तर काय उरते, हे येडशीजवळच्या रामलिंग घाटात पाहता येते. १९९७ मध्ये तेथे अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालून येथे पोहोचला. एवढ्या लहान रानाचे मोल त्याला जोडणाऱ्या ओढ्या-घळींत आणि माळांत आहे. कुरणांसाठी असाच दाखला शेजारच्या नान्नज परिसराचा. माळढोकासाठी १९७९ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले. तरीही ज्या पक्ष्यासाठी गवत राखले तो आता जवळपास दिसेनासा झाला आहे.

चराईबंदीचा भार कोणावर पडतो, हा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी हा भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांचा रोख पैसा आहे. मेंढपाळांचे वाडे याच गायरानांवर जगतात. संपूर्ण माळ एकदम बंद केला, तर बंदी पहिल्या उन्हाळ्यातच मोडते. म्हणून गायरानाचे भाग पाडून ते आळीपाळीने बंद ठेवणे, बंद भागातले गवत बी पडल्यावर विळ्याने कापून न्यायला मोकळीक देणे आणि त्याचा पहिला वाटा शेळ्या-मेंढ्यावाल्यांना मिळेल असे ग्रामसभेने ठरवणे, ही पद्धत टिकण्याजोगी ठरते.