कायदेमंडळातील मराठवाड्याची लेक



नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघाने श्रीजया चव्हाण या तरुण स्त्रीस विधानसभेत धाडले. त्यांचे आजोबा शंकरराव चव्हाण व वडील अशोकराव चव्हाण हे दोघेही राज्याचे मुख्यमंत्री होऊन गेले. मातोश्री अमिताताई २०१४ ते २०१९ पर्यंत याच भोकरच्या आमदार होत्या. निकाल लागल्यावर आमच्या भागात जी चर्चा चालली ती बहुतेक घराण्याचीच. कोणी म्हणे, तिसरी पिढी आली, बरे झाले. कोणी नाक मुरडी. मला स्वतःस या वादात फारसे स्वारस्य वाटले नाही. तरुण स्त्री कायदेमंडळात जाते तेव्हा तिने लोकसेवा कशास म्हणावे, हा प्रश्न अधिक जुना आहे आणि अधिक महत्त्वाचाही आहे. नांदेड-लातूर भागाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास त्याविषयी काय सांगतो, तेवढे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभ मतापासूनच केला पाहिजे. मुंबई इलाख्यात १९२१ नंतर स्त्रियांस कायदेमंडळासाठी मत देण्याचा हक्क मिळाला. अर्थात तो मालमत्तेच्या अटीवर होता, म्हणजे थोड्यांच्या वाट्यास आला. तथापि पुण्यासोलापुरास निदान दार किलकिले झाले होते. आम्ही निजामाच्या राज्यात. तेथे १८९३ पासून कायदेमंडळ नावाची एक संस्था होती खरी, परंतु तीत बसणारे बहुतेक सरकारने नेमलेले असत. रयतेचा सूर तेथे उमटण्याची सोयच नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मतदान आले. याचा एक विशेष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अन्यत्र पुरुषांना आधी मत मिळाले व बायकांना ते मागाहून झगडून मिळवावे लागले. आमच्याकडे कंधारच्या शेतकऱ्यास आणि त्याच्या कारभारणीस हा हक्क एकाच दिवशी मिळाला. बाप मतदार होता आणि लेक नव्हती, असा काळ प्रौढ मतदानाच्या बाबतीत मराठवाड्याने पाहिलाच नाही.

त्याच निवडणुकीत वैजापुरातून आशाताई वाघमारे हैदराबादच्या विधानसभेवर निवडून आल्या. खुद्द हैदराबाद शहरातून मासूमा बेगम आल्या. म्हणजे पहिल्याच पंक्तीत स्त्रीचे पान मांडलेले होते. पुढे १९५६ साली संस्थानाची विभागणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्र झाला. मताचा हक्क एकदम आला, परंतु सभागृहातील जागा मात्र तशी आली नाही. २०२४ साली २८८ जागांपैकी स्त्रियांनी जिंकल्या त्या पंचवीससुद्धा नव्हत्या.

आता जागा मिळाल्यावर करावयाचे काय? मी नागरिकशास्त्र शिकवीत असताना ‘आमदाराचे कार्य काय?’ या प्रश्नास मुले हटकून ‘रस्ते करणे’ असे उत्तर लिहीत. पाठ्यपुस्तकात ‘कायदे करणे’ असे असे. मुलांचा दोष नव्हता. गावात जे दिसे तेच ती लिहीत. रस्ता, सभामंडप, बदलीची चिठ्ठी, दवाखान्यात एक फोन, ही झाली गावाच्या डोळ्यांपुढील लोकसेवा. ती तुच्छ आहे असे मी म्हणणार नाही. अडल्या वेळी तो फोन ज्याच्यासाठी गेला त्यास तिचे मोल विचारावे.

परंतु कायदेमंडळात बसलेल्या पहिल्यावहिल्या स्त्रियांनी आपले काम निराळे मानले होते. मद्रासच्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी यांची १९२६ साली तेथील कौन्सिलावर नेमणूक झाली व पुढच्याच वर्षी त्या उपाध्यक्ष झाल्या. देवळास मुली वाहण्याची देवदासींची चाल बंद व्हावी, मुलींच्या लग्नाचे वय वाढावे, यासाठी त्यांनी सभागृहात झुंज दिली आणि १९३० साली राजीनामा देऊन त्या बाहेर पडल्या. आपला अनुभव त्यांनी पुस्तकरूपाने लिहूनही ठेवला. चांगली चालती वैद्यकी असलेली बाई. परंतु वैद्यकाने जे दुखणे हटत नाही ते कायद्याने हटवावे, हा त्यांचा विचार होता. आमच्या राज्यात प्रतिभाताई पाटील १९६२ साली अवघ्या २७ व्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. घटनेने विधानसभेस घातलेली वयाची अट पंचविसाची, हे लक्षात घेतले म्हणजे २७ हे किती कोवळे वय ते कळेल. १९७२ साली त्या समाजकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या, तेव्हा राज्यावर दुष्काळाची धाड आलेली होती.

त्या दुष्काळाकडे आता वळतो, कारण मराठवाड्यातील बाईच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या कायदेमंडळाने केलेला सर्वांत मोठा कायदा त्याच्यातून निघाला. मी त्या वेळी अकराबारा वर्षांचा होतो. गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले होते. पुरुष खोदीत, बायका पाट्या वाहत. रस्त्याच्या कामावर त्याच बायका उन्हात बसून खडी फोडीत. पोरांना सुकडी मिळे. घरी तांबड्या मिलोची भाकरी असे, जी गिळताना ज्वारीची आठवण येई. मस्टरवर कितीतरी बायकांची नावे होती. ज्या बाईचे नाव जन्मात कोणत्या कागदावर आले नव्हते, तिचे नाव मुकादम मोठ्याने पुकारी आणि ती ‘हाय’ म्हणून ओ देई, हे दृश्य मी कधी विसरलो नाही.

दुष्काळी कामे पूर्वीही निघत. परंतु ती सरकारच्या मर्जीची. पाऊस पडला की कामे बंद. वि. स. पागे हे विधानपरिषदेचे सभापती होते. त्यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ च्या सुमारास एक प्रयोग करून पाहिला होता: जो काम मागेल त्यास काम द्यावयाचेच. त्या बीजातून रोजगार हमी योजना उभी राहिली. खर्चाची तरतूद म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे मुंबईपुण्याच्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा अहमदपूर-किनवटच्या मजुराच्या हाती पडू लागला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया, म्हणजे नाममात्रच. परंतु त्या रुपयाने भीक आणि हक्क यांतील फरक कागदावर आणला. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरावयाची. बाईचा दर वेगळा व गड्याचा वेगळा, ही शेतावरची रीत येथे चालावयाची नव्हती. लेकुरवाळीच्या मुलासाठी पाळण्याची व सावलीची तरतूद कायद्याच्या अंमलबजावणीत होती. पाळणा प्रत्येक कामावर टांगला गेला असे मात्र नाही. नियमात लिहिलेले आणि बांधावर दिसणारे यांत अंतर राहिले. ते अंतर मोजण्याचे काम आमदाराचेच असते आणि त्यासाठी विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे.

या गोष्टीला नांदेडचा एक धागा जोडलेला आहे. हदगावच्या सूर्यकांताताई पाटील विधानसभेत एक वेळ गेल्या. पुढे १९९१ साली नांदेडातून व १९९८ आणि २००४ साली हिंगोलीतून लोकसभेवर निवडून आल्या. २००४ साली त्या केंद्रात ग्रामविकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संसदेने केला तो याच खात्याने आणलेला. मजुरांत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे त्यात लिहिले होते. विसापुरास लावलेले रोप देशभर गेले तेव्हा दुष्काळात खडी फुटलेल्या याच मुलखातील एक बाई त्या खात्यात होती, हे नांदेडकरांना क्वचितच आठवते. त्यांनी पक्ष किती बदलले, हे मात्र सर्वांस पाठ आहे.

लातूरचीही एक आठवण सांगण्याजोगी आहे. २००४ साली लातूरकरांनी लोकसभेचे माजी सभापती शिवराज पाटील यांस पराभूत करून रूपाताई पाटील निलंगेकर यांस निवडून दिले. सासरे शिवाजीराव निलंगेकर काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री आणि सून भाजपची उमेदवार! घराण्याची मते दावणीस बांधलेली असतात असे समजणाऱ्यांस त्या निवडणुकीने चांगलेच बुचकळ्यात टाकले.

आता सत्तेविना काय साधते, त्याचे एक उदाहरण. मृणालताई गोरे १९८५ नंतरच्या विधानसभेत विरोधी बाकावर होत्या. गर्भजल परीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा शहरांतून बोकाळला होता. त्याविरुद्ध बाहेर स्त्रियांच्या संघटना उठल्या आणि आत मृणालताईंनी अशासकीय विधेयक आणले. विरोधी सभासदाचे विधेयक सहसा संमत होत नाही. परंतु ते मांडले गेले म्हणजे सरकारला उत्तर द्यावे लागते. शेवटी १९८८ साली सरकारनेच कायदा केला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा होता. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली झाला. १९८८ साली तो कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, म्हणजे आजच्या भोकरच्या आमदारांचे आजोबा. कायदा झाला म्हणून दुखणे संपले नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८०७ निघाल्या. राज्याचा आकडा ८९४ होता. कायदा करणारी एक पिढी आणि तो राबतो की नाही हे विचारणारी दुसरी, अशा दोन्हींची गरज येथे स्पष्ट दिसते.

गावपातळीवर बदल अधिक वेगाने झाला. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांस दिल्या. ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे मातीस मिळाली. पुनर्वसनात गावच्या महिला मंडळांतील बायकांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरबांधणीचा पैसा कसा मिळतो, भिंतीत काय घातले म्हणजे ती धक्का सोसते, हे घरोघर समजावून सांगण्याचे काम त्यांनी केले. ज्या बायका कालपर्यंत चावडीवरून डोईवर पदर घेऊन खालमानेने जात, त्या अभियंत्यास सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या. २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांतील हा वाटा निम्म्यावर नेला. ‘सरपंचपती’ नावाचा प्राणीही याच काळात निपजला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी सही बाईचीच लागते, आणि सही करणारी बाई आज ना उद्या कागद वाचावयास लागते.

पाण्याविषयी थोडे सांगतो. परळीतून २००९ साली तिसाव्या वर्षी आमदार झालेल्या पंकजाताई मुंडे २०१४ नंतर ग्रामविकास, महिला-बालविकास व जलसंधारण या खात्यांच्या मंत्री होत्या. जलयुक्त शिवार योजना त्या काळातली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. नाले खोल झाले, काही गावांस गुण आला, हेही पाहिले. परंतु २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला. भूजलपातळी वाढविण्यात योजनेस फारसे यश नाही, असे त्याने म्हटले. असा अहवाल आला म्हणजे एका बाजूने टाळ्या पडतात, दुसरीकडून निषेध होतो, आणि तो बस्त्यात जातो. तो पानापानाने वाचून, आपल्या तालुक्यातील कोणत्या बंधाऱ्यात पाणी थांबले व कोणत्यात नाही, हे सभागृहात विचारणे माझ्या मते उद्घाटनाच्या दहा फितींहून मोठी लोकसेवा आहे. घागर घेऊन चालणारी बाई मतदारसंघात आहे तोवर स्त्री-आमदारास तरी या प्रश्नाचा विसर पडू नये.

२०२३ साली संसदेने घटनादुरुस्ती करून लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठरविल्या आणि तिचा अंमल जनगणनेनंतरच्या मतदारसंघ-रचनेशी जोडला. २०२४ च्या निवडणुकीत नांदेडच्या ९ व लातूरच्या ६ मिळून १५ जागा होत्या. त्याच हिशेबाने पाहिले तर पाच जागा स्त्रियांच्या वाट्यास येतात. त्या पाच जणी कोठून यावयाच्या? काही मोठ्या वाड्यांतून येतील, यात शंका नाही, आणि त्यात मला वावगेही दिसत नाही. वाड्यातील मुलीस शिक्षण असते, राजधानीची वाट ठाऊक असते. परंतु मस्टरवर ‘हाय’ म्हणणाऱ्या बाईची नात, किल्लारीच्या संवाद सहायकेची लेक, सरपंच म्हणून दोन वेळा कागद वाचून सही केलेली सून, याही आता पंचविशी ओलांडून बसल्या आहेत.

सभागृहात तारांकित प्रश्न कोणी विचारला, लक्षवेधी सूचना कोणी मांडली, कोणत्या विधेयकावर कोण काय बोलले, हे सर्व विधिमंडळाच्या कामकाजाच्या वृत्तान्तात सभासदाच्या नावानिशी नोंदले जाते. भोकरच्या आमदारांच्या नावापुढे काय नोंदले जाते ते त्यांच्या मतदारांना तेथे वाचावयास मिळेल. शाळेतील मुलांनी आपापल्या आमदाराचा एखादा प्रश्न त्यातून उतरवून आणावा, असा अभ्यास अजून नोकरीत असलेल्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी एकदा देऊन पाहावा.