एकट्यानं वाचणं : नागपुरातून दिसणारा इतिहास

मंडळी, आजचा विषय तसा साधा आहे. माणूस एका जागी बसून, ओठ न हलवता, कुणी सांगितलं म्हणून नव्हे तर स्वतःच्या खुशीनं पुस्तक वाचतो. ही गोष्ट आपल्याकडे कधी आली, आणि कुणाकुणाच्या वाट्याला आली? 'वाचनसंस्कृती' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळतो आहोत, सभासभांतून फिरून तो गुळगुळीत झाला आहे. 'वाचाल तर वाचाल' ही शाळेच्या भिंतीवरची पाटीही बाजूला ठेवू. ही दोन 'वाचणे' दिसायला सारखी, पण त्यांची कुळं निराळी. पुस्तक वाचण्यातलं 'वाचणे' संस्कृत 'वाच्'कडून आलेलं आहे, म्हणजे बोलण्याकडून.

हे कूळ ध्यानात ठेवण्याजोगं आहे. कारण आपल्याकडे शेकडो वर्षं वाचणं हे मोठ्यानं बोलणंच होतं. चातुर्मासात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर पोथी लागायची. श्रीधराचा हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. एकजण वाचणार, बाकीचे ऐकणार, बायका वाती वळता वळता ऐकणार. त्यात गोडी होती, सोबत होती. पण मागचं पान पुन्हा उलटून पाहण्याची, मध्येच थांबून विचार करण्याची सोय ऐकणाऱ्याला नव्हती. युरोपातही फार वेगळं नव्हतं. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांना ऑगस्टीननं वाचताना पाहिलं. डोळे पानावरून फिरताहेत आणि तोंडातून आवाज नाही, याची त्यानं आवर्जून नोंद केली. नोंद करावी इतकं ते वेगळं वाटलं होतं!

आपल्या विदर्भात एक चमत्कारिक उदाहरण सापडतं. अमरावती जिल्ह्यातलं ऋद्धिपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते या परिसरात. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परक्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला ती उलगडू नये, हा हेतू. परिणाम असा की मराठीचं हे आद्य गद्य कित्येक शतकं बहुतेक मराठी माणसांना वाचताच आलं नाही. पुस्तक आहे, अक्षरं आहेत, भाषा आपलीच आहे, आणि तरी दार बंद. आज आपण जे पाहणार आहोत ते या बंद दाराचंच प्रकरण आहे, फक्त पुढच्या काळात कुलपं वेगळी होती.

छापखाना आला आणि पुस्तक स्वस्त झालं. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियतकालिकांची नावं कशी बदलत गेली बघा. १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार'. नावातच भारदस्तपणा, वाचकानं ताठ बसावं असा. १८९० साली हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक'. १८९५ साली का. र. मित्रांचं 'मनोरंजन', ज्यानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. आधी ज्ञानाचा विस्तार, मग करमणूक, मग मनाचं रंजन. 'करमत नाही' असं आपण रोज म्हणतो. एकट्या माणसाला करमावं यासाठी छापील कागद ही कल्पना या काळात रुजली. आणि ही करमणूक उथळ होती असं समजू नका. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधूनच क्रमशः आली. विधवेचं दुःख लोकांनी मनातल्या मनात वाचलं. ते ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची कितीजणांची हिंमत झाली असती, आम्हाला शंका आहे.

पण मनातल्या मनात वाचायला दोन गोष्टी लागतात, जागा आणि वेळ. इथंच आमचा तत्त्वज्ञानाचा जुना धंदा आडवा येतो. 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्खोले'पासून आला आणि त्याचा मूळ अर्थ फुरसत. ॲरिस्टॉटलनं फुरसतीला फार मान दिला आहे. मात्र अथेन्सच्या नागरिकाची फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे सांगितल्याशिवाय तो धडा शिकवू नये असं आमचं मत. आमच्या वर्गात मुलं विचारायची, सर, मग आमच्या घरी फुरसत कुणाला होती? प्रश्न बरोबर होता.

घरातल्या बायकांना तर नव्हतीच. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झाल्यावर रमाबाईंना नवऱ्यानं शिकवायला घेतलं, आणि घरातल्याच बायकांनी त्यांना त्यावरून टोचून खाल्लं. हे सारं त्यांनी १९१० साली आपल्या आठवणींत लिहिलं. नवरा न्यायाधीश, शिकवायला तयार, तरी ही गत. आमच्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये निघालं. त्यातला संताप सगळे सांगतात. आम्हाला त्यामागचं वाचन दिसतं. पुराणातल्या कथा, नाटकं, बातम्या, सगळ्याचा समाचार त्या घेतात. हे सारं त्यांनी केव्हातरी बसून वाचलं असणार.

सार्वजनिक वाचनालयांची हकीकत ठाऊक असेल, म्हणून चटकन सांगतो. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, या जुन्या 'नेटिव्ह लायब्रऱ्या'. १८९३ मध्ये ठाण्यात खास मराठी ग्रंथांचं संग्रहालय. नागपुरात सीताबर्डीचं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. १९२३ मध्ये अमरावतीला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला, पुढे तो नागपूरचा झाला, आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठही निघालं. म्हणजे शिकलेल्या नागपूरकराला बसायला जागा होऊ लागली होती.

आणि न शिकलेल्याला? १ जानेवारी १८७७ रोजी इथं टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. भोंग्यावर दिवस मोजणारी वस्ती वाढली, त्यात महार समाजाची माणसं मोठ्या संख्येनं होती. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकायला लावलं, शाळेत शिकवण्याचं काम दिलं. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी कालवा केला आणि ते काम गेलं. मग १९२२ मध्ये जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे त्याच्याही आधीपासून मुलींच्या शाळेसाठी, छापखान्यासाठी, पत्रांसाठी झटत होते. वस्तीत पुढे बाबासाहेबांची पत्रं एकजण वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे. पुन्हा ओसरीच, पण पोथी बदललेली!

खुद्द बाबासाहेबांना वाचायला शांतता कशी मिळाली? परळच्या चाळीतली एक खोली. तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप, जातं, बांधलेली शेळी. मुलानं लवकर झोपावं, रामजीबाबांनी जागं राहावं, आणि रात्री दोनला मुलाला उठवून आपण आडवं व्हावं, असा त्या घराचा नेम. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आहे. संध्याकाळी शाळेनंतर चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचत बसायचा. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे याच माणसानं दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आम्हाला या साऱ्यात रामजीबाबांचं जागरण फार मोठं वाटतं. एका खोलीत जागा वाढवता येत नाही. त्या बापानं वेळ कापून मुलाला शांतता करून दिली. वाचनाची गोडी मुलाच्या अंगात असते की नसते, यावर आपण वाद घालतो. ती गोडी लागेपर्यंत कुणीतरी दिवा धरून बसावं लागतं, हे विसरतो.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपुरात जे सुरू झालं ते तर तुम्ही डोळ्यांनी पाहता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, आणि रस्त्याच्या कडेनं पुस्तकांची दुकानं लागतात. एरवी पुस्तकांच्या दुकानाची पायरी न चढलेली बाई दिव्याच्या उजेडात पुस्तक उलटसुलट करून पाहते, किंमत विचारते, नातवाला वाचून दाखव म्हणते. पिशवीत शिदोरीशेजारी दोन पुस्तकं घेऊन गाडीला जाते. यात्रेहून प्रसाद न्यावा तसं पुस्तक नेण्याची ही रीत आम्ही जगात दुसरीकडे ऐकलेली नाही. आवाज, गर्दी, धूळ. पण तिथून निघालेलं पुस्तक कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी घरात एकट्यानं वाचलं जातं.

आता आजचं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान आलं, गावोगाव वाचनालयं झाली. पण शहरात सध्या भरभराट आहे ती अभ्यासिकांची. महिन्याचे पैसे भरायचे, खुर्ची-टेबल, दिवा, उन्हाळ्यात कूलर. खेड्यातून आलेली मुलं दहा-दहा तास तिथं बसतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. खोलीवर चारजण राहणाऱ्या मुलासाठी ती खुर्ची म्हणजे परळच्या चाळीतले रात्रीचे दोन आहेत. तरी एक गोष्ट खटकते. शांतता मिळाली, आणि तिच्यात फक्त प्रश्नसंच वाचायचे! कादंबरी उघडली तर शेजारचा म्हणतो, टाइमपास करतो का रे? हरिभाऊंच्या 'करमणूक'चा हा आजचा तर्जुमा.

एका अभ्यासिकेच्या चालकांना आम्ही सुचवलं की दाराजवळ एक मांडणी ठेवा, पन्नास पुस्तकं द्यायला आम्ही तयार आहोत. कथा, प्रवास, आत्मचरित्रं. वसंत मूनांचं 'वस्ती' तर ठेवाच, तुमच्या याच शहरातलं आहे. ते म्हणाले, सर, तिथं दोन खुर्च्या जास्त बसतात. हिशेब त्यांचाही खरा होता. म्हणून पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहेत, खुर्ची अडवत नाहीत. सध्या दुपारी जेवणाच्या सुटीत चार-पाच मुलं ती चाळतात.

पुढच्या वेळी बडोद्याला जाऊ. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवायला सुरुवात केली, ती सगळी व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रश्न असतील तर आता विचारा, हातात थोडा वेळ आहे.